तिच्या वाटणीचं कालवण

बटाट्याला आपल्या स्वयंपाकघरात हुकमाचा एक्का म्हणतात खरं, पण मान म्हणून विचाराल तर तो कुणी देत नाही. बाजार चुकला? टाक बटाटा. अचानक पाहुणे आले? टाक बटाटा. मुलांनी गवारीला नाक मुरडलं, वांगी पुरेनात, उपवास आला... बटाटा आहेच! टोपलीच्या कोपऱ्यात पडून असणारा, कुणातही मिसळणारा, कसलीही तक्रार न करणारा. हे वाचताना घरातल्या आणखी कुणाची तरी आठवण झाली ना? मलाही झाली, म्हणूनच हा लेख.

पुरीबरोबरची पिवळी भाजी, दाण्याचं कूट घातलेली उपवासाची, कुरकुरीत काचऱ्या, पंगतीतला रस्सा, पावसाळ्यातला वडा. बटाट्याचे प्रकार मोजायला बोटं पुरायची नाहीत. पण यातलं बहुतेक सगळं खमंग नाहीतर झणझणीत. आमच्या सातारा-कोल्हापूरकडे तर कांदा-लसूण मसाल्याशिवाय कालवणाला रंग येत नाही, आणि रंग आला नाही तर माणसं ताटाकडे बघत नाहीत. चुकून कधी पांढरं, मऊ, सौम्य असं काही केलं, की पहिला प्रश्न येतो, “घरात कोण आजारी आहे?”

आज मी त्याच पांढऱ्या, मऊ बटाट्यांबद्दल लिहिणार आहे. मंद आचेवर हळूहळू शिजलेले, फोडी अजून शाबूत पण चमच्यानं दाबल्या की विरघळणाऱ्या, आणि भोवती सायीसारखा दाट रस्सा. ताटातलं मुख्य पक्वान्न नव्हे हे, तोंडीलावणंच. पण पोटाला आणि मनाला एकदमच बरं वाटतं.

असं कालवण जगात बऱ्याच ठिकाणी होतं. तिकडे स्वीडनमध्ये बटाटे दुधाच्या दाटसर रश्शात शिजवतात आणि वरून चक्क शेपू घालतात. आपला शेपू, हो! अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतही दूध-लोणी घातलेले असे बटाटे करतात. मूळ बटाटाच दक्षिण अमेरिकेतला. पेरू-बोलिव्हियाच्या डोंगराळ भागात हजारो वर्षांपासून तो पिकतो. आपल्याकडे तो पोर्तुगीजांबरोबर पश्चिम किनाऱ्यावर उतरला. म्हणून तर उत्तरेत ‘आलू’ आणि आपल्याकडे पोर्तुगीजांचाच शब्द, ‘बटाटा’. आता तो इतका आपला झालाय, की पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यातलं सातगाव पठार बटाट्यासाठीच ओळखलं जातं.

मला हे कालवण शिकवलं ते मात्र केरळनं. आमच्या गावात एक सिस्टर आहेत. महाराष्ट्रातल्या लहान-मोठ्या दवाखान्यांत केरळच्या किती परिचारिकांनी उभं आयुष्य काढलं, ते तुम्हीही पाहिलं असेल. या सिस्टर त्यांतल्याच. आता निवृत्त झाल्यात, मराठी आपल्यासारखीच बोलतात. फक्त रागावल्या की मल्याळम! त्यांच्याकडे नाताळच्या आणि ईस्टरच्या सकाळी आप्पम आणि ‘इष्टू’ असतं. इष्टू म्हणजे इंग्रजीतला ‘स्ट्यू’च, मल्याळी जिभेवर येऊन गोड झालेला. त्यात कुणी चिकन घालतं, कुणी मटण. पण नुसत्या बटाटा-कांद्याचा, नारळाच्या दुधातला इष्टूही घरोघरी होतो. हळद नाही, लाल तिखट नाही. पांढराशुभ्र!

मी तो बरीच वर्षं आवडीनं खाल्ला. त्याची खरी किंमत कळली ती 2022 साली.

आमच्या आळीतल्या एक वहिनी. त्यांना विचारूनच हे लिहितेय, नाव तेवढं राहू दे. वय 46. स्तनाच्या कर्करोगाचं निदान झालं, ऑपरेशन झालं आणि मग केमोथेरपी सुरू झाली. दर 21 दिवसांनी पुण्याला जायचं, एक डोस घ्यायचा, परत यायचं. आमच्या महिला मंडळानं पाळ्या लावून घेतल्या. कुणी सोबत जायचं, कुणी मुलांचे डबे करायचे, कुणी सासूबाईंजवळ बसायचं. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं.

फक्त वहिनी दिवसेंदिवस वाळत चालल्या होत्या.

डोस झाला, की साधारण आठवड्याभरात त्यांचं तोंड यायचं. आपल्याला उष्णतेनं येतं तसं नव्हे. गालाच्या आत, जिभेखाली, पार घशापर्यंत फोड. पाणी गिळतानाही डोळ्यांत पाणी यायचं. डॉक्टरांनी औषध दिलं होतं, गुळण्या सांगितल्या होत्या, तिखट-आंबट-कडक खाऊ नका असंही बजावलं होतं. घरी मात्र सहा माणसांचं कालवण रोजच्यासारखंच लालभडक व्हायचं. बऱ्या दिवसांत तर वहिनी स्वतःच ते करायच्या! आणि आपल्या वाटणीला? दुधात बुडवलेली बिस्किटं. कधी दहीभात, पण दह्याचा आंबटपणाही झोंबायचा, म्हणून तोही अर्धा टाकलेला.

मी विचारायचे, “वहिनी, काय करून आणू?”

“काही नको ताई. आहे ते चालतंय.”

डॉक्टरांनी वजन पाहून विचारलं, “जेवण व्यवस्थित आहे ना?” तर म्हणाल्या, “हो, जेवते की.”

खोटं बोलायचं म्हणून बोलत नव्हत्या हो त्या. लग्नाला 24 वर्षं झाली होती. कुणाला भाकरी कडक लागते, कुणाला मऊ, धाकट्याला कोणती आमटी चालत नाही, सासऱ्यांना कशानं पित्त होतं, हे सगळं तोंडपाठ. “मला आज अमुक खावंसं वाटतंय” हे वाक्य मात्र जिभेवरच नव्हतं. आणि आजारपणात ते एकाएकी कुठून येणार?

एका गुरुवारी मी सिस्टरना बरोबर नेलं. त्यांनी ‘काय आणू’ असं विचारलंच नाही. पिशवीतून बॅटरी काढली, वहिनींना आ करायला सांगितलं, तोंडात उजेड टाकून नीट पाहिलं. मग सरळ स्वयंपाकघरात जाऊन गॅसवरच्या पातेल्यावरचं झाकण उचललं. म्हणाल्या, “हे तोंड घेऊन हे कालवण कोण खाईल?” आवाज चढलेला नव्हता, पण घर गप्प झालं.

दुसऱ्या दिवशी त्या डबा घेऊन आल्या. इष्टू. मिरची नाही, मिरे नाहीत, बटाटे डावाच्या पाठीनं मोडून एकजीव केलेले. गरम नाही, कोमट. बरोबर मऊ भात. वहिनींनी पहिला घास जपून, भीत भीत गिळला. मग दुसरा. वाटी रिकामी झाल्यावर हळूच विचारलं, “अजून आहे का?”

दोन महिने ‘नको नको’ ऐकून कंटाळलेल्या आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो.

पण खरा प्रश्न पुढेच होता. एक दिवस डबा आला, रोजचं काय? सिस्टरना वयामुळे रोज जमण्यासारखं नव्हतं. वहिनींच्या सासूबाई, वय 70 च्या पुढे, आयुष्यभर चुलीवर रटरटणारं लाल कालवण केलेल्या. पहिल्या दिवशी पातेल्यात डोकावून म्हणाल्या, “ह्यात ना रंग, ना फोडणी. हे कसलं कालवण?” सिस्टर म्हणाल्या, “काकी, घशाखाली उतरतं ते कालवण.” म्हातारी चार दिवस गप्प होती. पाचव्या दिवशी स्वतः बटाटे सोलायला बसली.

आणि मग त्या घरात जे झालं ते मला फार मोलाचं वाटतं. वहिनींसाठी वेगळं पातेलं चढलं असतं, तर ते आठवडाभर टिकलं असतं. पुढे ‘आज वेळ नाही’ झालं असतं, आणि वहिनींनीच ‘राहू दे’ म्हटलं असतं. सासूबाईंनी वेगळं पातेलं ठेवलंच नाही. संध्याकाळचं कालवण सगळ्या घरासाठी पांढरंच! ज्याला झणझणीत हवं त्यानं ठेचा घ्यावा, वरून तिखट-तेल घ्यावं. आजवर उलटं होतं. मुख्य कालवण तिखट, आणि ज्याला सोसत नाही त्यानं दूध-बिस्किटावर भागवायचं. आता मूळ कालवण सगळ्यांना चालेल असं, आणि तिखट ज्याच्या त्याच्या वाटीत. मुलांनी दोन दिवस कुरकुर केली, तिसऱ्या दिवशी भात चोपून खाल्ला. वहिनींचे यजमान नारळ खवून मिक्सरवर दूध काढायला शिकले. आजवर त्यांना मिक्सरचं भांडं कुठं असतं हेही माहीत नव्हतं!

नुसत्या बटाट्यानं आजार बरा होत नाही, हे मलाही कळतं. उपचार डॉक्टरांचेच. पण उपचार सोसायला अंगात ताकद लागते, आणि ताकदीसाठी चार घास पोटात जावे लागतात. ते जायला लागले, पुढच्या डोसांपर्यंत वजनाची घसरण थांबली. वहिनींचे उपचार पूर्ण झाले. आता ठरल्या वेळी तपासणीला जातात, आणि मंडळाच्या गुरुवारच्या भेटींना आमच्याबरोबर येतात.

आता कृती. आधी सिस्टरची, मग सासूबाईंची.

नारळाच्या दुधातले बटाटे (चार-पाच जणांना)

साहित्य: अर्धा किलो बटाटे, एक मोठा कांदा उभा चिरून, इंचभर आलं बारीक लांब चिरून, दोन हिरव्या मिरच्या मध्ये चीर देऊन, आठ-दहा कढीपत्त्याची पानं, दोन लवंगा, दोन वेलदोडे, पाच-सहा मिरे, एक नारळ, दोन चमचे खोबरेल तेल (खाण्याचं बरं का, केसांना लावायचं वासाचं नव्हे!), चवीला मीठ.

नारळ खवून थोडं कोमट पाणी घालून मिक्सरवर फिरवा आणि फडक्यातून पिळून वाटीभर दाट दूध काढा. ते वेगळं ठेवा. त्याच चोथ्यात पुन्हा पाणी घालून दोन वाट्या पातळ दूध काढा.

बटाटे सोला, धुवा आणि मग चिरा. चिरल्यावर पाण्यात टाकून ठेवू नका. फोडींवरचा पांढरा स्टार्चच रस्सा दाट करतो, तो धुऊन निघाला तर रस्सा पाण्यासारखा राहतो. पातेल्यात एक चमचा तेल घालून लवंग, वेलदोडे, मिरे आणि आलं किंचित परता. कांदा घालून मऊ होऊ द्या, लाल करू नका. मग बटाटे, मिरच्या, अर्धा कढीपत्ता, मीठ आणि पातळ दूध घाला. झाकण ठेवून मंद आचेवर 15 ते 20 मिनिटं शिजवा. कुकर नको. कुकरमध्ये वरून लगदा आणि आतून कणी, असं होण्याची भीती असते.

फोड सहज तुटली, की चार-पाच फोडी पातेल्यातच डावाच्या पाठीनं मोडा. हीच सगळी किमया! मैदा नको, कॉर्नफ्लोअर नको, बटाटाच बटाट्याला दाटपणा देतो. आता दाट दूध घाला आणि नुसतं गरम होऊ द्या. उकळी फुटू देऊ नका, दूध फाटल्यासारखं होऊन तेल वेगळं दिसायला लागतं. गॅस बंद करून उरलेला कढीपत्ता आणि चमचाभर कच्चं खोबरेल वरून घाला. दहा मिनिटं झाकून ठेवा.

सायीतले बटाटे

हे सासूबाईंचं. नारळ रोज परवडत नाही, दूध मात्र घरात असतंच. अर्धा किलो बटाटे, चमचाभर तूप, पाव चमचा जिरं, थोडं किसलेलं आलं, दीड वाटी उकळून कोमट केलेलं दूध, दोन मोठे चमचे साय, मीठ.

तुपात जिरं फुलवून आलं घाला. बटाट्याच्या लहान फोडी घालून त्या बुडतील एवढंच पाणी घाला आणि झाकून शिजवा. पाणी आटत आलं, की निम्म्या फोडी मोडा. गॅस अगदी बारीक करून दूध थोडं थोडं घाला, हलवत राहा. साय चमच्यानं घोटून शेवटी मिसळा. मीठही शेवटीच. लिंबू-टोमॅटो यात चुकूनही नको, दूध फाटेल. शिवाय आंबट घातलं, की बटाटा लवकर मऊ होत नाही. चिंच किंवा टोमॅटो घालून रस्सा करता, तेव्हाही बटाटा आधी शिजवून घ्या, आंबट नंतर.

ज्वारीची भाकरी यात चुरून दहा मिनिटं ठेवली, तर दात नसलेल्या माणसालाही खाता येते. घावन, आंबोळी, मऊ भात, पाव, कशाबरोबरही चालतं. आणि हो, शेपूची चार पानं वरून घालून बघा. मी घालते, मला आवडलं.

आता चार गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या.

बटाटा हिरवा पडला असेल किंवा कोंब आले असतील, तर आजाऱ्यासाठी तो वापरूच नका. हिरव्या भागातलं विषारी द्रव्य शिजवूनही जात नाही. बटाटे अंधारात, हवेशीर जागी आणि कांद्यापासून लांब ठेवावेत.

नवे, पातळ सालीचे बटाटे लवकर मोडत नाहीत, चिकट राहतात. या कालवणाला जुने, पिठूळ बटाटे घ्या.

बटाट्यात प्रथिनं फार थोडी असतात. म्हणून नुसत्या बटाट्यावर आजाऱ्याला ठेवू नका. दूध-साय आहेच, शिवाय मऊ शिजवून घोटलेली मुगाची डाळ यात छान मिसळते. खात असतील तर पूर्ण उकडलेलं अंडं कुस्करून घाला. तोंड आलेलं असेल तर मिरची आणि मिरे दोन्ही वगळा, लवंग-वेलदोडे वाढण्यापूर्वी काढून टाका, आणि कोमट करूनच द्या. केमोथेरपीच्या दिवसांत जंतुसंसर्गाची भीती जास्त असते, तेव्हा ताजं करून लगेच वाढायचं. सकाळचं रात्री नको.

मधुमेह असेल तर वाटी लहान, आणि त्या वेळी भात-भाकरी कमी. मूत्रपिंडाचा आजार असेल तर बटाट्यातल्या पोटॅशियममुळे आधी डॉक्टरांना विचारायलाच हवं.

आणि हे कालवण फक्त कर्करोगासाठी राखून ठेवू नका. बाळंतीण आहे, दात काढलेले आजोबा आहेत, तापातून उठलेलं पोर आहे. ज्या घरात कुणी गेलंय आणि घास घशात अडकतोय, तिथंही आपण पिठलं-भात नेतोच, त्याच्या जोडीला हेही न्यावं. आणि काहीही झालेलं नसताना, नुसतीच दमलेली एखादी बाई आहे. तिनं आपल्यासाठी हे करून खाल्लं, तर कुणाची परवानगी लागते का?

आमच्या मंडळात या सगळ्यानंतर एक छोटा बदल झाला. एका गुरुवारी मी सहज विचारलं, “तुमच्या घरात प्रत्येकाला काय आवडतं ते सांगा.” बायका भराभर बोलायला लागल्या. नवरा, मुलं, सासू-सासरे, अगदी दिराचीही आवड सांगून झाली. मग विचारलं, “आणि तुम्हाला?” 18 जणी होत्या. पाच-सहा जणींनी लगेच सांगितलं. बाकीच्या हसल्या. एक म्हणाली, “मला सगळंच चालतं.” दुसरी म्हणाली, “कधी विचारच केला नाही बाई.” ‘चालतं’ आणि ‘आवडतं’ यात किती अंतर आहे, ते त्या दिवशी आम्हा सगळ्यांनाच जाणवलं. आता कुणाच्या आजारपणाला भेटायला जायचं ठरलं, की आम्ही तिच्याबद्दल आधी तीन गोष्टी विचारून घेतो. काय खायला झोंबतं, काय वासानंही नको वाटतं, आणि बरी असताना तिला काय आवडायचं? तिला आठवत नसेल तर तिच्या आईला किंवा बहिणीला फोन करतो. माहेरी बरोबर ठाऊक असतं!

तेव्हा मैत्रिणींनो, आपल्या आळीत कुणी अशी असेल, तर तिला “काय करून आणू?” असं विचारू नका. ती ‘काही नको’ म्हणणार हे तुम्हालाही ठाऊक आहे. सरळ सांगा, “मऊ बटाट्याचं कालवण आणतेय, तिखट नाही. सातला आणू की आठला?” या प्रश्नाला ‘नको’ म्हणणं अवघड जातं. आणि डबा नेलात, की तिच्याजवळ बसून राहा, तिची वाटी रिकामी होईपर्यंत. नाहीतर ती तो डबा झाकून ठेवेल, घरातल्या कुणाला तरी आवडेल म्हणून.